आंधळ्या सुया

पाषाण गावाच्या वळणावर काल नव्हता तो गतिरोधक आज होता, आणि प्रज्ञेशचं तोंड उघडलं. म्हणजे त्याने ते उघडलं नाही. स्कूटरचं पुढचं चाक वर गेलं, मागचं त्याच्या मागून आलं, कणा एकदा आखडून सैल झाला आणि ह्या सगळ्या व्यवहारात जबडा आपला आपण खाली येऊन परत मिटला. दातांवर दात बसल्याचा बारीक आवाज हेल्मेटच्या आत बराच मोठा झाला. पुण्यात गतिरोधक उगवतात. ते महापालिका करते अशी एक समजूत आहे, पण त्यांवर पांढरे पट्टे मारण्याबाबत महापालिकेचा जो निरुत्साह असतो त्याच्याशी ती जुळत नाही. कोणाच्या तरी बंगल्याचं काँक्रीट उरतं, मिक्सर परत जाण्याआधी कोणीतरी म्हणतं, टाक हितंच, पोरं लई जोरात जात्यात. आणि सकाळी रस्त्याला टेंगूळ आलेलं असतं. बिबवेवाडीहून संस्थेत यायचा प्रज्ञेशचा हा रोजचा रस्ता. रोजच्या रस्त्यावर डोळे उघडे असले की पुरतं, पाहावं लागत नाही. पाठीची चौकशी करायला त्याने स्कूटर कडेला घेतली, कारण पन्नाशी ओलांडल्यावर पाठीला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि मान वर केली तर विजेच्या दोन खांबांमध्ये तनुजा उभी होती.

फ्लेक्सवर. पदवीदानाचा काळा झगा घातलेली, मान थोडी तिरकी, चेहरा फोटोशॉपने दोनतीन छटा उजळ केलेला. ‘पाषाणची शान, जगात मान! डॉ. तनुजाताई यांचे हार्दिक अभिनंदन.’ तिच्या मागे शाळेत असतो तसला भिंगांचा सूक्ष्मदर्शक होता, जो तिने बहुधा दहावीनंतर पाहिलेला नव्हता. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल लावून. एका बाजूला आमदार, दुसऱ्या बाजूला तिचे वडील सर्जेराव, कानाला फोन लावलेले, जणू डॉक्टरेट आत्ताच पलीकडून कोणीतरी कळवते आहे. प्रज्ञेश जिथलं यंत्र सांभाळायचा त्या प्रयोगशाळेत तनुजा संशोधन करत होती आणि तिला डॉक्टरेट मिळालेली नव्हती. प्रबंध सोमवारी जमा व्हायचा होता. त्याचं परीक्षण, मग तोंडी परीक्षा, मग विद्यापीठ आणि विद्यापीठाचा वेग. पण सर्जेरावांचा धंदा जमिनीचा. इमारत उभी राहण्याआधी फ्लॅट विकले जातात हे ज्याने पाहिलं आहे त्याला प्रबंधाचं एवढं काय. प्रज्ञेश पाठ चोळत फ्लेक्स वाचत उभा राहिला. मग फ्लेक्स संपला म्हणून तो रस्त्याकडे पाहू लागला. एक बाई शाळेच्या मुलीला मागे बसवून आल्या. टेंगळावर दोघींची तोंडं उघडली आणि मिटली. खाण्याच्या पिशव्या पोचवणारा एक जण आला. त्याचं तोंड उघडलं, मिटलं. मोपेडवरून एक निवृत्त गृहस्थ आले, ज्यांनी आयुष्यात कोणासमोर जांभई दिली नसेल, त्यांचंही उघडलं. प्रज्ञेशला गंमत वाटली. एखाद्याला पुण्याचा एवढाच हातभर तुकडा दिसत असता, तर त्याने प्रामाणिकपणे लिहिलं असतं की पुण्यातल्या दुचाकीस्वारांना ठरावीक वेळाने जांभई येते. आलेख काढला असता. तो छापूनही आला असता. आणि इथे त्याची गंमत थांबली, कारण ‘जांभई’ हा शब्द त्यांच्या प्रयोगशाळेतला होता.

तनुजाचं प्रथिन म्हणजे सहा तुकड्यांचं एक कडं. पेशीत इतर प्रथिनांचा गुंता झाला की हे कडं त्यातलं एक टोक धरतं आणि आपल्या भोकातून ओढून सरळ करतं. घरोघरी असं एक माणूस असतं. ते ओढतं कसं हे कोणालाच धड माहीत नव्हतं, आणि तनुजाने ते पाहिलं होतं: कडं एका बाजूने उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. पहिल्यांदा पडद्यावर ते दिसलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं होतं, ‘अय्या, जांभई देतंय’, आणि शब्द चिकटला. परदेशातल्या परिषदेत तो चित्रपट दाखवला तेव्हा लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले होते. आता हा चित्रपट ज्या यंत्राने काढला ते यंत्र पाहत नाही. ते चाचपतं. पोहण्याच्या तलावावर उडी मारायची फळी असते तशी एक लवचीक पट्टी, केसाच्या जाडीतही हरवून जाईल एवढी, आणि तिच्या टोकाखाली एक सुई. अभ्रकाच्या सपाट तुकड्यावर, थेंबभर द्रावणात, प्रथिनं पसरलेली. सुई त्यांच्यावर टकटक करत डावीकडून उजवीकडे जाते, ओळीमागून ओळ, उंच कुठे सखल कुठे याची नोंद होते, त्यातून चित्र. पापणी लवेपर्यंत अशी काही चित्रं, म्हणून चित्रपट. पडद्यावर ते सगळं सोनेरी दिसतं. रंग संगणक भरतो. शाळेतल्या मुलांना संस्था दाखवायला आणतात तेव्हा प्रज्ञेश सांगायचा की हे आंधळ्याचं बोट आहे, फक्त घाईत असलेलं. मुलांना ते कळायचं. एकदा एका मुलीने विचारलं होतं, काका, त्याला गुदगुल्या होत नाहीत का? शिक्षिकेने तिला गप्प केलं होतं आणि प्रज्ञेशने, हे त्याला आत्ता टेंगळाशेजारी उभं असताना आठवलं, ‘आपण फार हळू हात लावतो’ असं उत्तर दिलं होतं. ज्याला गुदगुल्या माहीत आहेत त्याने ‘हळू’ हे उत्तर द्यायला नको होतं.

तो पुन्हा स्कूटरवर बसला. डोकं मात्र बसेना. हात लावल्याशिवाय काही कळत नाही, हे त्याच्या यंत्राचं पहिलं तत्त्व. नव्या विद्यार्थ्यांना ते सांगताना त्याला दर वर्षी मनातल्या मनात एक गोष्ट मजेशीर वाटे. आजोबांच्या गावात, तिकडे नगरकडे, त्यांच्या वस्तीला कोणी शिवत नसे आणि तरी सगळ्या गावाला त्यांच्याबद्दल सगळं माहीत होतं: ते कसे असतात, काय खातात, त्यांच्या मनात काय असतं, त्यांना काय झेपतं. न शिवता. त्या हिशेबाने ते गाव विज्ञानाच्या बरंच पुढे होतं. छप्पन सालानंतर आजोबांनी देव्हारा आवरला आणि मुलाला खडकीत नोकरीला धाडलं. तो मुलगा, म्हणजे प्रज्ञेशचे वडील नागोराव, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. क्वार्टर्समधल्या मुलांचे खेळ सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत: तुझे बाबा आत काय बनवतात? बाहेर बोलायची बंदी होती. प्रज्ञेशने तरी रोज विचारलं. वडील जेवायला बसले की विचारायचा. नागोराव घास चावत त्याच्याकडे पाहायचे आणि काहीतरी सांगायचे. एकदा म्हणाले, आज तोफेला नळी बसवली. एकदा म्हणाले, आज एक गोळा फुटेना, त्याच्या कानात बोललो तेव्हा फुटला. एकदा फटाके, एकदा रणगाडा, एकदा, बहुधा कंटाळून, राष्ट्रपतींसाठी घंटा. प्रज्ञेशने त्या उत्तरांतून आख्खा कारखाना उभा केला, चिमण्यांसकट. निवृत्तीच्या समारंभात एका सहकाऱ्याने भाषणात सांगितलं की नागोरावांनी कॅन्टीनचं भांडार जसं सांभाळलं तसं कोणी सांभाळणार नाही. सगळी नोकरी तांदूळ, डाळ, चहाची पूड. प्रज्ञेशला फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. त्याला आश्चर्य याचं वाटलं की वडील खोटं बोलत नव्हते. ते फक्त, कोणी टोचलं की हलत होते. आपण होऊन ते काय बोलले असते? एकदाच बोलले होते. खडकी स्टेशनच्या बाकावर, लोणावळा लोकल उशिरा असताना, प्रज्ञेश शेंगदाणे खाण्यात गर्क होता, काही विचारत नव्हता, तेव्हा नागोराव रुळांकडे पाहत म्हणाले होते, ‘पाऊस लागला की गोण्यांखाली हात घालायचा. ऊब असते.’ एवढंच. प्रज्ञेशने लगेच विचारलं, कसल्या गोण्या? आणि नागोराव म्हणाले, ‘बॉम्बच्या.’

संस्थेच्या वाहनतळावर स्कूटर लावताना त्याला नेमकं कळलं की आपल्याला काय खुपतंय, आणि ते टेंगूळ नव्हतं, सुया होत्या. सुया तो करायचा. विकतच्या पट्टीच्या टोकावर इलेक्ट्रॉनच्या झोताखाली कार्बनची आणखी एक सुई उगवायची, लांब, बारीक, धारदार. महाराष्ट्रात ते काम त्याच्याइतकं चांगलं कोणी करत नाही असं तो स्वतः म्हणत नसे, इतर म्हणत आणि तो त्यांना अडवत नसे. प्रत्येक सुई बरी निघत नाही. काही बोथट, काही वाकड्या. मग सुई बरी आहे हे ओळखायचं कसं? तनुजाचं प्रथिन तिच्याखाली ठेवायचं. जांभई दिसली, सुई डोळस. कडी नुसती गप्प पडून राहिली, की प्रज्ञेश मान हलवून म्हणायचा, ‘आंधळी आहे.’ सुई काढून बाजूला. दुसरी. गेली दोन-तीन वर्षं हे असं चाललं होतं. चांगली सुई म्हणजे जी जांभई दाखवते. आणि जांभई खरी कशावरून, तर ती सगळ्या चांगल्या सुयांना दिसते. हे वाक्य त्याने मनात उलटसुलट म्हणून पाहिलं. दोन्ही बाजूंनी सारखंच लागलं, आणि इतकं गुळगुळीत वाक्य विज्ञानात नसतं, स्थळांच्या जाहिरातीत असतं: मुलगा चांगल्या घरातला आहे, घर चांगलं कशावरून, तर मुलं चांगली आहेत. पट्ट्या सगळ्या सारख्या नसतात. कारखाना सांगतो तेवढा ताठपणा प्रत्येकीत असतोच असं नाही, काही जन्मतःच मऊ निघतात. मऊ पट्टीवरची सुई कमी रेटते. आंधळ्या म्हणून काढलेल्यांत त्या किती असतील? त्याला घाम यायला हवा होता, किंवा तनुजाचं वाईट वाटायला. प्रत्यक्षात त्याला शाळेच्या सहलीच्या सकाळी व्हायची तशी घाई झाली होती, आणि त्या गोष्टीची त्याला थोडी लाज वाटली, पण पुरेशी नाही.

डॉ. पूर्वा सोवनी, प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांच्या खोलीत तनुजाचाच प्रबंध वाचत होत्या. टेबलावर थर्मास, त्याच्या शेजारी ‘चहा मिळणार नाही’ असा भाव असलेला एकच कप. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मॅडम शंकेला कधी अडवत नसत. ती आल्यावर बसायला खुर्ची द्यायची नाही एवढंच. ‘प्रज्ञेश,’ त्या म्हणाल्या, ‘आपल्याला शंका आली हे फारच छान झालं. सोमवारनंतर आली असती तर आणखी छान झालं असतं.’

‘एकच प्रयोग आहे, मॅडम. काढून टाकलेली सुई घ्यायची आणि तिची परीक्षा दुसऱ्या कशावर तरी करायची. ती सूक्ष्मजीवांची जांभळी पटलं आहेत ना आपल्याकडे, त्यांची जाळी साऱ्या जगाला पाठ आहे. त्यावर सुईला स्वच्छ दिसलं तर ती आंधळी नव्हती.’

‘आणि मग?’

‘मग ती तनुजाच्या कड्यांवर.’

‘आणि ती गप्प राहिली तर मी परीक्षकांना काय कळवू? उमेदवाराने सहा वर्षं प्रथिनाला डिवचलं आणि ते वैतागलं?’ मॅडमनी चष्मा काढला. ‘विषय तसा नवीन आहे, नाही म्हणत नाही. पण विद्यापीठात त्याचा विभाग नाही.’ त्या खिडकीकडे वळून वेगळ्या आवाजात म्हणाल्या, ‘त्या मुलीचं काय होईल, याचा विचार केलात? शिष्यवृत्ती संपली आहे तिची. घरचे लग्नाला थांबलेत ते फक्त ह्या डॉक्टरकीसाठी. एक वर्ष वाढलं तर ती हे पूर्ण करेल, असं तुम्हाला वाटतं?’

प्रज्ञेशला वाटलं की आपण विचार केला नाही, असं खरं सांगून टाकावं. तो म्हणाला, ‘तिला विचारू.’

‘नको. विचारलंत की ती हो म्हणेल. तीच तर पंचाईत आहे तिची.’ मॅडमनी चष्मा लावला आणि पान उलटलं. ‘मी तुम्हाला मना केलेलं नाही. मी ऐकलेलंच नाही. मला साडेबाराची मीटिंग आहे.’

यंत्र तळघरात होतं, कारण वर रस्ता ऐकू येतो. म्हणजे माणसाला नाही, सुईला. तिथे खिडकी नाही, पंखा नाही, बोलायचं ते हळू. तनुजा संगणकासमोर बसून आभारप्रदर्शनाचं पान लिहीत होती. ती उंच, सावळी, आवाज मोठा असलेली मुलगी. तळघरात तिने आपला आवाज इतकी वर्षं घडी घालून ठेवला होता. ‘सर, तुमच्या नावाआधी श्री. लावू का डॉ.?’

‘काही लावू नकोस. तुझा फ्लेक्स पाहिला.’

तिने कपाळाला हात लावला. ‘मी अण्णांना म्हटलं होतं, अजून आठ-दहा महिने तरी धरा. ते म्हणाले, खांब आत्ता रिकामा हाय. नंतर गणपती येतात, निवडणुका येतात, मग कुठं मिळतोय खांब.’

‘बरोबर आहे त्यांचं.’ प्रज्ञेश कपाटाशी गेला आणि त्याने बाकरवडीचा खोका काढला. पुण्यात कोणी काही टाकून देत नाही; आंधळ्या सुया त्यात चिकट जेलवर ओळीने उभ्या होत्या, नजर नसलेल्यांची सभा भरल्यासारख्या. त्याने चिमट्याने एक उचलली. कोणती घ्यावी याला काही आधार नव्हता, म्हणून त्याने कडेची घेतली. मागून तनुजाचं टायपिंग थांबलं. त्याने एवढंच म्हणायचं ठरवलं होतं की एक सुई तपासायची आहे, आणि वाक्य तयारही होतं, पण त्याला एकाएकी वाटलं की आपण काही विचारू नये, पाहावं ही काय करते.

‘त्या काढलेल्यातली आहे ना?’ तनुजा म्हणाली.

‘हं.’

तापमान राखणारं यंत्र मधून मधून गुरगुरत होतं. मग ती उठली, फ्रीजमधून जांभळ्या पटलांची कुपी काढली, म्हणजे तिला कुठली कुपी काढायची हेही सांगावं लागलं नाही. अभ्रकाच्या चकतीवर चिकटपट्टी दाबून तिने ती एका झटक्यात ओढली. वरचा पापुद्रा निघून आला आणि खाली जगातला सर्वांत सपाट, सर्वांत कोरा तुकडा उघडा पडला. ‘मला एकदा वाटलं होतं, सर,’ ती चकतीकडे पाहत म्हणाली. ‘की सगळ्या जांभया डावीकडंच का. कडी तर कशीही पडलेली असतात, कुणाचं तोंड कुठं, कुणाचं कुठं. आणि सुई डावीकडून येते.’

‘मग?’

‘मग जेवायची वेळ झाली.’

प्रज्ञेशला हसू आलं आणि ते त्याने दाबलं नाही. जेवणाच्या सुट्टीत किती शास्त्र नाहीसं होत असेल. त्यांनी सुई बसवली, खाली आणली. पडद्यावर आधी धुकं, मग त्या धुक्यात जाळी: तीन तीन ठिपक्यांचे पुंजके, एकाला लागून एक, फरशी बसवणाऱ्याने लाजावं इतके नेमके. पाठ्यपुस्तकात छापतात त्याहून स्वच्छ. ज्या सुईला त्याने आंधळी म्हटलं होतं ती त्याच्याकडे, असं म्हणता येत असेल तर, डोळे रोखून पाहत होती. ‘चांगलीय की,’ तनुजा म्हणाली, स्थळ पाहायला आलेल्या एखाद्या आत्याच्या सुरात. मग तिने दुसरी चकती केली आणि त्यावर आपल्या प्रथिनाचा थेंब सोडला. त्यात कड्यांचं इंधनही होतं, म्हणजे उपाशी आहेत म्हणून गप्प राहिली असं व्हायला नको. प्रज्ञेशने तिचा हात पाहिला. आपण ह्या मुलीच्या आयुष्यात एक सुई घेऊन शिरलो आहोत, आणि ती हलेल ती स्वतःहून हलेल की आपण रेटलं म्हणून, हे आपल्याला कधीच कळणार नाही, असं त्याला वाटलं. आणि नागोराव तोंडातला घास चावत आपल्याकडे पाहत असत तसे आत्ता पाहत असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, हेही मनात आलं.

कडी दिसली. पडद्याच्या तुकड्यात पाचसहा, सोनेरी, मध्ये भोक, सहा सहा पाकळ्या मोजून घ्याव्यात. जांभई नाही. एकही नाही. ती तिथे होती एवढंच करत होती. दोघं पाहत राहिली. डुलकी लागलेल्या गल्लीकडे गच्चीवरून पाहावं तसं. प्रज्ञेशला इतकी वर्षं हीच स्तब्धता दिसत आली होती आणि दर वेळी त्याने तिला ‘काही दिसत नाही’ म्हटलं होतं. आता त्याला दिसलं की ती सुंदर आहे, आणि तिच्यातलं आपल्याला काहीही माहीत नाही.

‘रेटा वाढवून बघू?’ तनुजानेच विचारलं.

तिने रेटा किंचित वाढवला. कड्यांची डावी बाजू उघडली. मिटली. उघडली. एकेक करून सगळ्यांची, सुईच्या वाटेवर जशी येतील तशी. परिषदेत लोक ज्याला उभे राहिले होते तो चित्रपट, जसाच्या तसा. तिने रेटा कमी केला, सगळी गप्प. वाढवला, जांभया. असं तिने बरंच केलं, गरजेपेक्षा जास्त, जसं मूल खोलीतला दिवा लावतं आणि मालवतं. मग बटणावरचं बोट काढून ती मागे टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे तो पाहत होता आणि पाहताना आपण पाहतो आहोत हे तिला कळू नये म्हणून पडद्याकडे बघत होता. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने नाक ओढलं खरं, पण तळघरात सगळ्यांचंच नाक वाहतं.

फोन थरथरला. यंत्राजवळ फोन आणायला बंदी होती आणि आज तिच्या खिशात होता. पडद्यावर लगेच एक लाट उमटून गेली. तिने सुई वर उचलली, मग फोन घेतला, आणि तळघरात इतक्या वर्षांत न ऐकलेल्या तिच्या मूळच्या आवाजात बोलू लागली.

‘काय वो अण्णा.’

सर्जेरावांचा आवाज फोनबाहेरही पुरेसा होता. ‘दिली का गं वही? पेढ्याची आर्डर सांगायचीय. दुकानदार डोकं खातुय.’

‘न्हाई दिली. सोमवारी बी देत न्हाई. अण्णा, त्यो फ्लेक्स काढा.’

‘काढा? अगं परवा लावलाय. आमदाराचा फोटू हाय त्येच्यावर.’

‘आमदार राहू द्या. मला काढा.’

‘तुला काढून त्येच्यावर राहतंय काय?’

‘त्येच बघतोय हितं.’

पलीकडून जरा खालच्या पट्टीत, ‘नापास झालीस व्हय?’

‘न्हाई. आम्ही जे बघत हुतो ते आमचंच हुतं. आता त्याचं काय हाय ते बघायचंय.’

‘किती दिस लागत्याल?’

‘माहीत न्हाई.’

‘आन् मग पावन्यांना काय सांगू? आईतवारी यायची हायेत ती.’

तनुजाने क्षणभर प्रज्ञेशकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं की आता ती आपल्याला विचारेल, आणि आपण काय म्हणणार. तिने विचारलं नाही. ‘सांगा, पोरगी कामात हाय. थांबत असतील तर थांबा म्हनावं, नसतील तर चहा पाजून लावून द्या.’

सर्जेरावांनी श्वास सोडल्याचा आवाज आला. ‘चहा तर पाजावाच लागनार,’ ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मॅडमचं काय म्हणणं पडेल हे तिने विचारलं आणि त्यांनी ऐकलेलंच नाही हे त्याने सांगितलं. ‘मग बरंय,’ ती म्हणाली. ती अजूनही मागे टेकूनच बसली होती आणि सुई अजून वर होती. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहिलेलं. प्रज्ञेश हात पुढे करून सुई खाली आणणार होता. इतक्या वर्षांची सवय, यंत्र रिकामं बसलेलं त्याला बघवत नाही. तनुजा म्हणाली, ‘राहू द्या, सर.’ तो थांबला. ‘आपण सारखं हात लावून बघतो,’ ती म्हणाली, ‘मध्ये सोडून देऊ. इंधन आहे, त्यांचं त्यांना काय करायचं ते करू देत. मग एकदाच खाली आणू. अगदी हलकी. एकच चित्र, परत वर.’ त्याने म्हटलं की मग चित्रपट होणार नाही. ती म्हणाली, नाही होणार. लोक टाळ्या वाजवणार नाहीत, तो म्हणाला. नसतील वाजवणार. त्याला तिचा हेवा वाटला, कारण ही कल्पना त्याची नव्हती, आणि जी आपली नाही ती कल्पना आपल्याला इतकी आवडावी हे त्याच्या वयात वारंवार होत नाही.

त्या वाट पाहण्याचं त्याला नवल वाटत राहिलं. समोर, हातभर अंतरावर, थेंबभर पाण्यात, सहा पाकळ्यांची ती कडी होती, आणि आत्ता ह्या क्षणी त्यांचं काय चाललं आहे हे सबंध जगात कोणालाही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याचा जो एकच मार्ग होता तो त्याने आणि ह्या मुलीने ठरवून बाजूला धरून ठेवला होता. तनुजाने खुर्चीतच चपला काढून पाय वर घेतले. दोघांनी डबे उघडले नाहीत. जेवायची वेळ झाली, गेली. मग ती सावकाश म्हणाली, ‘आणते,’ आणि तिने सुई खाली नेली. एक चित्र. वर.

एक सोडून सगळी कडी होती तशीच. ते एक उजवीकडून उघडं होतं, सुई येते त्याच्या विरुद्ध बाजूने, आणि जांभईसारखं मुळीच नाही. एका पाकळीने शेजारणीचा हात सोडून जरा बाहेर डोकावावं तसं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. तनुजा पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकटली, आणि तिने ती ओढणीने पुसली. ‘खरंय का हे?’

‘माहीत नाही,’ प्रज्ञेश म्हणाला. ‘पुढचं चित्र घेतलं तर कळेल. किंवा आपण ते मिटवून टाकू.’ तिचं बोट बटणावर होतं. त्याचंही मन त्याच बटणावर होतं; आयुष्यात त्याला कुठल्याही प्रश्नाच्या पुढचा प्रश्न विचारण्यापासून कोणी अडवू शकलेलं नव्हतं. तनुजाने बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

दार उघडलं. पूर्वा मॅडम आत आल्या, मीटिंगची फाइल अजून काखेत. त्यांनी आधी बाकरवडीचा खोका पाहिला, मग वर उचललेली सुई, मग पडद्यावरचं ते न हलणारं चित्र, मग पाय वर घेऊन बसलेली तनुजा.

‘बंद पडलंय का?’ त्यांनी विचारलं.

‘नाही मॅडम,’ तनुजा म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. ‘चालू आहे. आम्हीच थांबलोय.’